चौऱ्याहत्तर हजार आठशे ऐंशी

पहिली ओळ नेहमी कचऱ्याची यायची. चिपच्या बोर्डाला केबल लावायची, लॅपटॉपवर सिरीयल मॉनिटर, म्हणजे बोर्ड तारेवरून जे बोलतो ते दाखवणारी खिडकी, उघडायचा, रिसेटचं बटण दाबायचं. आधी पडद्यावर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि कुठल्याशा लिपीतली चार-दोन अक्षरं सांडायची, आणि मग त्याखाली माझ्या प्रोग्रॅमची सरळ ओळ: ‘सुरू झालं’. त्या कचऱ्याकडे बघणं मी लवकरच सोडून दिलं. एवढीशी चिप, इतकी स्वस्त, सुरू होताना जरा खाकरत असेल.

मी पोटासाठी जे सॉफ्टवेअर लिहिते ते सर्व्हरवर चालतं. तिथे मेमरी मोजायची वेळ सहसा येत नाही आणि काही बिघडलंच तर चारशे ओळींचा लॉग हात जोडून उभा असतो. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमधला छोटा संगणक, हातात घेतला तो निव्वळ हौसेने आणि फ्रिजपायी. आमच्या फ्रिजचं दार कधीकधी नीट लागत नसे आणि सकाळपर्यंत आतलं सगळं घामेजलेलं असे. म्हटलं, आत एक तापमानाचा सेन्सर ठेवू, दारावर एक चुंबकाचा स्विच लावू आणि दर पाच मिनिटांनी वायफायवरून आकडा पाठवणारी एक चिप मागे चिकटवू. शनिवार-रविवारचं काम.

पहिला शनिवार केबलने खाल्ला. लॅपटॉपला बोर्ड दिसेचना. ड्रायव्हर तीनदा काढून घातले, पोर्ट बदलले, लॅपटॉपच बदलून पाहिला. शेवटी कळलं की ती केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. बोर्डावरचा दिवा लागत होता म्हणून मी तिला निर्दोष सोडलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. या छंदात असे पुष्कळ संन्यासी माझ्या हातून फासावर गेले.

ती चिप म्हणजे ईएसपी८२६६. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. २०१४ मध्ये एआय-थिंकरने तिच्यावर बेतलेलं ईएसपी-०१ नावाचं, अंगठ्याएवढं, आठ पिनांचं मोड्यूल बाजारात आणलं तेव्हा तिची ओळख ‘वायफायचा मोडेम’ एवढीच होती. आर्डुइनोसारख्या हौशी लोकांच्या बोर्डाने तिला एटी कमांड, म्हणजे मोडेमला द्यायचे मजकुरी हुकूम, द्यायच्या आणि तिने निमूट नेटवर्क जोडून द्यायचं. या एटी कमांड १९८१ च्या हेज मोडेमपासून चालत आलेल्या. कागदपत्रं बहुतेक चिनी भाषेत होती, हौशी लोकांनी ती यंत्राकडून भाषांतरित करून घेतली, अर्थ लावला, आणि मग एक गंमत सगळ्यांच्या लक्षात आली. ज्या आर्डुइनो उनोची चाकरी ही चिप करत होती, त्याचा प्रोसेसर ८ बिटांचा, १६ मेगाहर्ट्झचा, रॅम २ केबी. आणि चाकराच्या पोटात ३२ बिटांचा, ८० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, वर डेटासाठी ८० केबी रॅम. मग मालकाला घरी पाठवून चाकराकडूनच सगळं काम करून घ्यायचं ठरलं. कंपनीने आपलं एसडीके, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं साहित्य, खुलं केलं, लुआ भाषेत प्रोग्रॅम लिहू देणारं नोडएमसीयू आलं, २०१५ मध्ये आर्डुइनोच्याच साधनांनी तिच्यावर प्रोग्रॅम चढवता येऊ लागला, आणि २०१६ मध्ये तिची थोरली बहीण ईएसपी३२ आली: दोन कोअर (प्रोसेसरचे गाभे), २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५२० केबी रॅम, ब्लूटूथही.

चिपमध्ये बसवलेल्या अशा प्रोग्रॅमला ‘फर्मवेअर’ म्हणतात. हा शब्द १९६७ मधला, अॅशर ऑप्लरने वापरात आणलेला. त्याला अभिप्रेत होता तो प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड. आजचा अर्थ नंतर पसरला. पण शब्द नेमका आहे. हार्डवेअरइतकं कडक नाही, सॉफ्टवेअरइतकं मऊ नाही. माझी सगळी पंचाईत या मधल्या जागेतच झाली.

कारण इथे चूक कुठे असेल त्याचा नेम नसतो. मी पहिल्यांदा मोठ्या ऐटीत ते उघडं ईएसपी-०१ घेतलं होतं. यूएसबी-सिरीयलच्या छोट्या कन्व्हर्टरवर ३.३ व्होल्टची पिन होतीच, तिथूनच वीज दिली. प्रोग्रॅम सुरू व्हायचा, ‘वायफायला जोडतो आहे’ अशी ओळ यायची, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. येरे माझ्या मागल्या. दोन संध्याकाळी मी वायफाय जोडण्याचा कोड उलटसुलट करून पाहिला. मल्टिमीटर लावला तर तोही शपथेवर सांगत होता, ३.३ व्होल्ट. खरी गोष्ट अशी की रेडिओ प्रक्षेपण करतो त्या क्षणी चिप १७० मिलीअँपिअरपर्यंत प्रवाह ओढते आणि माझ्या कन्व्हर्टरमधली एफटी२३२ जातीची चिप त्या पिनवर जेमतेम ५० देऊ शकते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? व्होल्टेज क्षणभर कोसळायचं, चिप मरायची, पुन्हा जागी व्हायची. मल्टिमीटर सरासरी सांगतो, त्याला हा मिलीसेकंदांचा खड्डा दिसतच नाही. वेगळा रेग्युलेटर आणि चिपच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला, आणि ज्या कोडला मी दोन दिवस शिव्या घातल्या तो एक अक्षरही न बदलता चालला. मी त्याची माफी वगैरे मागितली नाही, पण थोडं ओशाळायला झालं.

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, उघड्या मोड्यूलने सुरुवात करू नका. यूएसबी, रेग्युलेटर आणि रिसेटचं बटण असलेला डेव्हलपमेंट बोर्ड घ्या. आर्डुइनोने सुरू करा, त्यात कमीपणा नाही. मायक्रोपायथन, म्हणजे चिपवर चालणारी पायथन भाषा, तीही चांगली, बोर्डाशी ओळीओळीने गप्पा मारता येतात. ईएसपी३२ वर एस्प्रेसिफचा स्वतःचा आयडीएफ हा साधनसंच आहे, तो जास्त खोल नेतो, पण पहिल्याच दिवशी तिथे उडी मारणारे बहुतेक जण दिवा लुकलुकण्याआधीच विझतात. दिवा लुकलुकू द्या. त्या दिव्याला हसणाऱ्यांनी तो स्वतः लावलेला नसतो.

नवा बोर्ड आणला आणि सर्व्हरवरच्या सवयी घेऊन मी कामाला लागले. सेन्सरचं उत्तर येईपर्यंत एका लूपमध्ये थांबून राहायचं, असं काहीतरी लिहिलं. तीनेक सेकंदांत चिपने स्वतःला रिसेट केलं. वॉचडॉग: प्रोग्रॅम अडकला असं वाटलं की चिप रिसेट करणारा पहारेकरी. हे मला आधी निव्वळ आगाऊपणाचं वाटलं. माझा प्रोग्रॅम, माझी चिप, मी थांबेन नाहीतर पळेन! पण ईएसपी८२६६ ला एकच कोअर आहे आणि त्यावर माझ्या आधीपासून वायफायचा कारभार राहतो आहे. तो घरमालक, मी पोटभाडेकरू. सामाईक नळावर मी बादली लावून उभी राहिले तर मागची रांग खोळंबते, राउटरला वेळेवर उत्तर जात नाही, जोडणी तुटते. म्हणून मधूनमधून बाजूला व्हावं लागतं. कोडमध्ये यील्ड (‘वाट दे’) म्हणायचं, किंवा डिले (‘थांब’). यात एक मौज आहे. आर्डुइनोची जुनी मंडळी नवख्याला पहिला धडा देतात तो ‘डिले वापरू नका’ असा. आणि या चिपवर डिले म्हणजेच शिष्टाचार, कारण तेवढ्या वेळात वायफाय आपली कामं उरकून घेतं.

मेमरीचा धडा सावकाश मिळाला. यंत्र पाच-सहा दिवस नीट चालायचं आणि मग सुरक्षित जोडणी करताना अडायचं. मोकळी मेमरी छापून पाहिली तर २० केबीहून जास्त शिल्लक. जोडणीच्या बफरला हवी होती १६ केबी. मग अडतंय कुठे? बसमध्ये वीस जागा रिकाम्या असतात, पण सगळ्या विखुरलेल्या. एकमेकांचा हात धरून बसायचा हट्ट असलेलं सोळा जणांचं कुटुंब चढलं तर त्यांना उभंच राहावं लागतं. मी दर पाच मिनिटांनी लहान-मोठ्या स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडून निरोप तयार करत होते आणि प्रत्येक स्ट्रिंग कुठेतरी मधलीच खिडकी पकडून बसत होती. शेवटी एकच ठरावीक लांबीचा अॅरे (मेमरीतली सलग रांग) सुरुवातीलाच राखून ठेवला आणि निरोप त्यातच लिहू लागले. सर्व्हरवर वीस वर्षं नोकरी करूनही हे मला कधी कळलं नसतं, तिथली बस फार मोठी असते.

फ्लॅशचंही तसंच. दार आजवर किती वेळा उघडलं ती संख्या वीज गेली तरी टिकावी म्हणून मी ती दर मिनिटाला फ्लॅशमध्ये लिहीत होते. कोड सुंदर दिसत होता. मग वाचनात आलं की फ्लॅशवर बिट एकाचा शून्य सहज होतो, पण शून्याचा एक करायला ४ केबीचा आख्खा सेक्टर पुसावा लागतो, आणि एक सेक्टर साधारण १,००,००० वेळा पुसायची हमी असते. एक लाख ही संख्या मोठी वाटते. दिवसाला १,४४० वेळा पुसलं तर ती एकोणसत्तर दिवसांत संपते. आता तासाला एकदा लिहिते, तेही आकडा बदलला असेल तरच.

एका रात्री तीन वाजता फ्रिजमध्ये ८५ अंश तापमान होतं.

मी उठून बघायला गेले. हे लिहिताना हसू येतं, पण गेले होते. फ्रिज थंडगार. डीएस१८बी२० हा सेन्सर वीज मिळताच आपल्या वहीत ८५ हा आकडा घेऊन उठतो. मोजमाप पूर्ण व्हायच्या आधी विचारलं तर तोच सांगतो. बारा बिटांच्या अचूकतेला त्याला ७५० मिलीसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढा वेळ मी देत होते, पण दाराच्या बिजागरीपाशी तार सैल झाली होती, त्याची वीज मध्येच जाऊन परत येत होती, आणि तो बिचारा दर वेळी झोपेतून उठल्यासारखा ८५ म्हणत होता. तार पूर्ण तुटली असती तर लायब्ररीने उणे १२७ दिलं असतं आणि मला लगेच कळलं असतं. ८५ तसं शक्य कोटीतलं, या सेन्सरची मजल १२५ पर्यंत आहे. धडधडीत खोट्याला पकडणं सोपं, हे असं संभाव्य खोटं फार त्रास देतं.

आता त्या कचऱ्याच्या ओळीकडे येते.

यंत्र फ्रिजमागे बसवलं, मोबाइलच्या जुन्या चार्जरवर ठेवलं, आठवडाभर आकडे येत राहिले. मग एकदा वीज गेली. आली तेव्हा फ्रिज सुरू झाला, राउटर सुरू झाला, माझं यंत्र नाही. काढून टेबलावर आणलं, लावलं, सुरू! परत फ्रिजवर नेलं, स्विचच्या तारा जोडल्या, चार्जर लावला, तरी सुरू. दार उघडून बघितलं, मिटून बघितलं, सगळं ठीक. चार दिवसांनी पुन्हा वीज गेली आणि पुन्हा तेच. मग मात्र मी लॅपटॉप घेऊन फ्रिजच्या शेजारी जमिनीवर बसले, तिथेच केबल लावली आणि रिसेट दाबलं. कचऱ्याची ओळ आली. त्याखाली काहीच नाही. माझं ‘सुरू झालं’ नाही. पुन्हा दाबलं: कचरा आणि शांतता.

पहिल्यांदाच त्या पडद्यावर कचऱ्याखेरीज काही नव्हतं, म्हणून मी पहिल्यांदाच कचऱ्याकडे बघितलं. हा माझा प्रोग्रॅम लिहीत नाही, मग कोण लिहितंय?

उत्तर असं, की चिपच्या रॉममध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे आणि माझा कोड सुरू होण्याआधी तो बोलतो. त्याची समजूत अशी, की आपल्याला जोडलेला, वेळेचा ठोका देणारा क्रिस्टल ४० मेगाहर्ट्झचा आहे, आणि त्या हिशोबाने तो ११५२०० च्या बॉड रेटने (सेकंदाला इतके बिट) बोलू पाहतो. प्रत्यक्षात बहुतेक बोर्डांवर क्रिस्टल असतो २६ चा. म्हणजे त्याचं सगळं बोलणं त्याच प्रमाणात मंदावतं. ११५२०० ला २६ ने गुणा, ४० ने भागा: ७४८८०. मी आजवर भलत्याच वेगाने ऐकत होते. मॉनिटरच्या यादीतून ७४८८० निवडलं, रिसेट दाबलं, आणि त्या लगद्याच्या जागी एक स्वच्छ ओळ उभी राहिली. ८ जानेवारी २०१३ ही रॉमची तारीख, रिसेट कशाने झाला त्याचा क्रमांक, आणि बूट मोड म्हणून कंसात दोन आकडे. त्यातला पहिला होता १.

नेहमी तिथे ३ असतो. ३ म्हणजे फ्लॅशमधला प्रोग्रॅम चालव. १ म्हणजे काही चालवू नको, सिरीयलवरून नवा प्रोग्रॅम येईल त्याची वाट बघ. कोणता आकडा ते ठरतं तीन पिनांवर, जीपीआयओ ०, २ आणि १५. जागं होण्याच्या क्षणी त्यांच्यावर काय व्होल्टेज आहे ते चिप बघते. शून्य नंबरची पिन ग्राउंडला (शून्य व्होल्टला) टेकलेली असेल तर मोड १. आणि मी दाराचा स्विच लावला होता डी३ वर. बोर्डावर छापलेला डी३ म्हणजे चिपच्या लेखी जीपीआयओ ०. दार बंद असलं की चुंबक जवळ, स्विच जुळलेला, पिन ग्राउंडला. मी टेबलावर तपासत होते तेव्हा चुंबक दारावरच राहिलेला असायचा. फ्रिजशी बसवताना तारा जोडायला दार उघडं असायचं. सुरू झाल्यावर मग दार कितीही वेळा मिटा, चिपला फरक पडत नाही, ती फक्त जागं होतानाच बघते. आणि वीज येते तेव्हा फ्रिजचं दार बंदच असतं, फ्रिजचं दार असतंच बंद राहायला.

म्हणजे वीज आल्यापासून ते यंत्र मला दर वेळी इमानदारीत सांगत होतं: तू पिन शून्य खाली दाबून धरली आहेस, मी तुझ्या नव्या प्रोग्रॅमची वाट बघतोय. जमिनीवर बसल्याबसल्या मी तार डी३ वरून काढून डी५ वर लावली, कोडमध्ये एक आकडा बदलला. दहा मिनिटांचं काम. त्या आधीचे अकरा दिवस मी हिशोबात धरत नाही.

ईएसपी३२ वर गेले तेव्हा हीच गोष्ट नव्या वेषात भेटली. तिथे बारा नंबरची पिन जागं होताना वर असेल तर चिप फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देऊ लागते आणि बहुतेक बोर्डांवर मग काहीच उठत नाही. पण आता मी पहिली ओळ आधी वाचते. ईएसपी३२ कोसळते तीही झोकात: ‘गुरू मेडिटेशन एरर’. नाव जुन्या अमिगा संगणकावरून घेतलेलं. आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा वाटतं चिप समाधीत गेली. खाली सोळा-अंकी पद्धतीतल्या पत्त्यांची एक माळ असते, तीही पहिल्या दिवशी कचराच वाटते. प्रोग्रॅम तयार होताना बनलेली ईएलएफ फाइल आणि ती माळ एका छोट्या साधनाला दिली की कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर जीव गेला ते कळतं. माझ्या बाबतीत बहुधा रिकाम्या पॉइंटरवर, म्हणजे कुठेच न नेणाऱ्या पत्त्यावर.

दोन गोष्टी लोकांनी मला आधी सांगायला हव्या होत्या. एक, फ्रिज सरकवायचा नसेल तर हवेतून, म्हणजे वायफायवरून, प्रोग्रॅम चढवायची सोय करा, आणि चढवताना नव्या प्रोग्रॅममध्येही ती सोय आहे ना ते बघा. मी एकदा विसरले. दार ओढून घेतलं आणि किल्ली आत, अशी गत झाली, फ्रिज सरकवला. दोन, स्वतःच्या चिपची आख्खी फ्लॅश एकदा वाचून बघा. ४ एमबी ११५२०० ने यायला सहा मिनिटं लागतात. त्या फाइलमध्ये शोध घेतला तर माझ्या घरच्या वायफायचा पासवर्ड सरळ अक्षरांत बसलेला होता. ईएसपी३२ ला फ्लॅश कूटबद्ध करायची सोय आहे, या धाकटीला नाही. तेव्हापासून फ्रिज पाहुण्यांच्या नेटवर्कवर असतो.

सध्या एक वेगळीच वाट बघणं चालू आहे. सुरू झाल्यापासूनचे मिलीसेकंद चिप ३२ बिटांत मोजते आणि ४२९४९६७२९५ च्या पुढे पुन्हा शून्यावर येते. म्हणजे ४९ दिवस, १७ तास, काही मिनिटं. ‘आत्ताची वेळ पुढच्या वेळेहून मोठी आहे का’ असं विचारणारा माझा जुना कोड त्या क्षणी गप्प बसला असता, बहुधा पुढचे ४९ दिवस. आता आत्ताच्या वेळेतून मागची वेळ वजा करते, ते शून्य ओलांडतानाही बरोबर येतं. मोजणी मुद्दाम शेवटाजवळून सुरू करून तपासलंही आहे, चालतं. तरी खरोखरचा ओलांडा एकदा बघायचाच आहे.

गेल्या वेळी ३८ व्या दिवशी वीज गेली. त्याआधी २२ व्या दिवशी मीच नवा प्रोग्रॅम चढवला होता. आज ४९ वा दिवस आहे. तापमानाच्या आलेखातली एक छोटी चूक मला सापडली आहे, तिची दुरुस्ती लिहून, तपासून लॅपटॉपवर तयार आहे. चढवायला एक बटण दाबायचं. चढवली की मोजणी शून्यावर.

परवा रात्री चढवेन.